पागनीसकाकांच्या भिंतीवरची बाई

पागनीसकाकांच्या घरी कुणीही गेलं की ते 'या' म्हणत नाहीत, 'बसा' म्हणत नाहीत, पाणीही विचारत नाहीत. दारातच थांबवतात, समोरच्या भिंतीकडे बोट करतात आणि विचारतात, "ही बाई रडून झालीये, की अजून रडायचीये?"

हा प्रश्न सगळ्यांना सारखाच. गणपतीची वर्गणी मागणारे, मतदारयादी तपासणारे, लग्नाची पत्रिका घेऊन आलेले, कुणाला सूट नाही. एकदा गॅसवाला खांद्यावर भरलेलं सिलेंडर घेऊन उंबऱ्यात उभा होता आणि काका त्याला सांगत होते, "घाई नाही भिया, नीट बघून सांग." त्यानं बिचाऱ्यानं नीट बघितलं. म्हणाला, "काकाजी, इनका तो दाँत दुखी रिया हे." त्या दिवसापासून काका त्याला चहा देत नाहीत.

मी नाशिकची. लग्न होऊन देवासला आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला श्रीखंडाची वाटी देऊन समोरच्या घरी पाठवलं. "पागनीसांकडे देऊन ये, आणि काही विचारलं तर काही पण सांग आणि लवकर ये," एवढीच सूचना होती. मी घाबरून 'रडून झालीये' म्हटलं. काकांनी निराश होऊन मान हलवली. "सगळे हेच सांगतात. सूनबाई, हे रडणं नाही. हे रडण्याच्या आधीचं आहे. आधी हात बघायचा, मग तोंड. तोंड खोटं बोलतं, हाताला ते जमत नाही." एवढं ऐकून मी परतायला हवं होतं. पण मी नवी सून. मान हलवत उभी राहिले, आणि काका हातावरून दंडावर, दंडावरून पदरावर आणि पदरावरून समुद्रावर गेले. घरी पोचले तेव्हा सासूबाईंची जेवणं झाली होती.

तर ते चित्र. समुद्राचा काठ, काठावर खडक. खडकावर झोपलेली एक बाई नुकतीच अर्धवट उठलेली. अंगावरचं निळं वस्त्र सरकलेलं, एक पाय उघडा, एक हात समुद्राकडे लांब केलेला. दूरवर नखाएवढं गलबताचं शीड. उजवीकडच्या झाडीतून मात्र मोठी वरात येतेय. चित्ते जुंपलेला रथ, त्यातून उडी मारणारा एक तरणाताठा मुलगा, डोक्यावर द्राक्षाची पानं, मागे झांजा वाजवणाऱ्या बायका आणि सगळ्यांच्या पायांत एक कुत्रं.

बाईचं नाव अरिआद्नी. ग्रीक पुराणातली राजकन्या. आमच्या गल्लीत हे नाव टिकलं नाही. इस्त्रीवाला तिला 'हरियाणवी बाई' म्हणतो. ज्यानं तिला बेटावर झोपेत सोडलं आणि जो गलबतात बसून निघून गेला, त्या राजपुत्राचंही काही नाव आहे, पण काका ते घेत नाहीत. 'तो मनुष्य' म्हणतात.

आता देवासच्या एका गल्लीत ही मंडळी आली कशी? पागनीसांचे पूर्वज देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या गादीच्या, दरबारी घोड्यांच्या पागेवर अधिकारी होते, असं काका सांगतात. सासूबाई म्हणतात, पागेत होते हे खरं, पण हिशेब घोड्यांचा नाही, चाऱ्याचा ठेवायचे. काका स्वतः पिथमपूरला एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होते. नट, बोल्ट आणि ग्रीसचे डबे. आठवडाभर तिथे खोली करून राहायचे आणि सुटीला घरी यायचे. त्या कारखान्यात इटलीहून एक मोठं मशीन आलं आणि मशीनमागोमाग ते बसवायला पाओलो नावाचा माणूस आला. सगळे त्याला 'पावलो भिया' म्हणायचे. सकाळी पोह्यांवर शेव आणि शेवेवर जिलबी घालून खायचा. त्याच्या खोलीत एक भलंमोठं कॅलेंडर होतं, त्यावर हे चित्र. काका रोज ते बघायला जायचे. पाओलोला इंग्रजी बेताचं आणि काकांना इटालियन शून्य, म्हणून गोष्ट हिंदीत झाली. खलाशांकडून शिकलेली पाओलोची हिंदी. "वो सोता. वो जाता. जहाज जाता. फिनिश."

कोण सोता आणि कोण जाता, हे त्यात नव्हतं. काही महिने काकांची समजूत अशी होती की पुरुष झोपलाय आणि बाई निघालीये.

पाओलो परत जाताना कॅलेंडर काकांना देऊन गेला. काकांनी ते देवासला फ्रेमवाल्याकडे नेलं. त्यानं खालच्या तारखा कापल्या त्या बरोबरच, पण काचेच्या मापात बसेना म्हणून चित्रकाराच्या नावाची पट्टीही कापून टाकली. काकांनी आरडाओरडा केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "नाम का क्या करना हे काकाजी, बई तो पूरी हे नी." तेव्हापासून काका चित्रकाराला 'मास्टर' म्हणतात, तेही आदरानं. 'मास्टरांनी इथे सावली कशी दिली बघा.' 'मास्टरांना घाई नाही.' माझ्या सासूबाईंची अनेक वर्षं समजूत होती की हे मास्टर म्हणजे शाळेतले जुने ड्रॉइंगचे सर.

चित्रावर भागलं असतं तर गल्लीची तक्रार नव्हती. पण ज्याला बाईचा हात वाचता येतो त्याला गल्लीतले हात दिसल्यावर गप्प कसं बसवणार? काका ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे भाव वाचायचे. एकदा सासूबाई हनुवटीवर हात ठेवून पायरीवर बसल्या होत्या. काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जपा त्यांना. खोल विषाद आहे." सासूबाई भाजीवाल्याची वाट बघत होत्या, कोथिंबीर फुकट देत नाही म्हणून त्याला झापायला. माझा नवरा मकरंद एकदा स्कूटरपाशी डोक्याला दोन्ही हात लावून उभा होता. काका म्हणाले, "पश्चात्ताप! ह्याच्या हातून काही तरी घडलंय." पेट्रोल संपलं होतं. पण सासूबाई पुढे आठवडाभर त्याच्याकडे रोखून बघत होत्या. पानाच्या दुकानापाशी गल्लीतले सरंजामे छातीवर हात ठेवून आकाशाकडे बघताना दिसले, तेव्हा काकांनी 'प्रेम' असं निदान केलं. ती ॲसिडिटी होती. पण बातमी सरंजामेवहिनींपर्यंत पोचायची ती पोचलीच.

इतक्या वर्षांत काकांचा एकही भाव बरोबर आलेला मला आठवत नाही. पण माघार म्हणून नाही. "त्यांना स्वतःलाच अजून कळलेलं नाही," असं म्हणून मोकळे व्हायचे.

घरात एकच माणूस त्यांना पुरून उरायचं. अक्का. काकांची थोरली बहीण. सोनकच्छला प्राथमिक शाळेत शिकवायच्या. रोज एसटीसारखीच खडखडणारी खासगी बस पकडून जायच्या आणि यायच्या, आणि रिटायर झाल्या तरी बोलणं वर्गातलंच राहिलं होतं. काकांनी लग्न केलं नाही. अक्कांचं झालं होतं. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं आणि घरात नवरा नव्हता. नव्या सुनेनं विचारू नयेत असे जे प्रश्न असतात त्यात हा पहिला, म्हणून मी विचारला नाही. पुढे मी जुनी झाले, पण न विचारायची सवय तशीच राहिली.

अक्कांचं चित्राबद्दलचं मत सोपं होतं. "तिची एक चप्पल हरवलीये, ती शोधतेय. उघडा पाय दिसत नाही का तुला? ह्यात रडायचं काय आहे, वसंता? आणि शोधून झाली की अंगावर नीट घे म्हणावं तिला. वाऱ्याचं बसलीये."

काका म्हणायचे, "अक्का, तुला कला कळत नाही."

"नाही कळत. पोळ्या करू की भात?"

एक गोष्ट मात्र मला खटकायची. काका बाईबद्दल तासन्‌तास बोलायचे, गलबताबद्दल बोलायचे, पण उजव्या बाजूच्या वरातीशी आले की आवाज चढायचा. "ही गर्दी. बघे! बाई उठली नाही तोवर आले बघायला. झांजा घेऊन! ह्यांच्या तोंडांकडे बघा, मजा वाटतेय सगळ्यांना." त्या द्राक्षाच्या पानांच्या मुलाचा तर त्यांना मनस्वी राग. त्यातल्या त्यात ते कुत्र्याला माफ करायचे. कुत्रं बाईकडे बघत नव्हतं.

मग मराठी मंडळाची ती व्याख्यानमाला आली. 'तणावमुक्त जीवन' ह्या विषयावर पुण्याहून एक वक्ते यायचे होते. त्यांनी आदल्या दिवशी तब्येतीचं कारण देऊन नाही म्हणून कळवलं. तणावानं, असं पुढे समजलं. सेक्रेटरी सरंजामे. त्यांच्यापाशी छापलेल्या पत्रिका, सांगितलेला माईक आणि सांगितलेली साबुदाण्याची खिचडी होती, फक्त वक्ता नव्हता. शेवटी ते काकांकडे आले. दारात प्रश्न झाला, सरंजामेंनी 'रडायचीये' असं अचूक उत्तर दिलं आणि काका एका शब्दावर तयार झाले.

चित्राचा फोटो काढून पडद्यावर दाखवायचं ठरलं. पण सरंजामे जबाबदार माणूस. मंडळात महिलावर्ग असतो, बाईचा खांदा उघडा आहे, उगाच चर्चा नको, म्हणून त्यांनी फोटोवर एक काळी पट्टी मारून घेतली. पट्टी थोडी जास्त झाली. पडद्यावर चित्र आलं तेव्हा खांद्याबरोबर पुढे केलेला तो हातही पट्टीखाली गेला होता. काकांचं पहिलं वाक्य होतं, "आधी हात बघा." सभागृह काळ्या पट्टीकडे बघत बसलं.

पण काका थांबले नाहीत. जो हात दिसत नव्हता त्याच्या एकेका बोटाबद्दल बोलले. पहिल्या रांगेतले आजोबा झोपले. दुसऱ्या रांगेत फोन निघाले. खिचडीचा वास यायला लागला तशी मागची रांग उठून वासाच्या दिशेनं गेली. शेवटी सरंजामेंनाच राहवेना. फोनवर वाचून ते विजयी आवाजात म्हणाले, "अहो पागनीस, इथे तर सगळं दिलंय! उजवीकडचा तो देव आहे म्हणे. मद्याचा. तो तिच्याशी लग्न करतो आणि तिला ताऱ्यांचा मुकुट देतो. म्हणजे शेवट गोड आहे!"

लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. गोड शेवट म्हणजे जेवायला जायला हरकत नाही.

काका लालबुंद झाले. "देव असेल! असू दे! पण आला कसा ते बघा. जी बाई आत्ता उठलीये, जिला अजून स्वतःलाच काही कळलेलं नाही, तिच्या दारात कुणी वाजतगाजत येतं का? दोन मिनिटं थांबता नाही आलं? दोन मिनिटं तिला एकटीला नाही बसू दिलं?"

आवाज इतका मोठा होता की झोपलेले आजोबा जागे झाले. मग सरंजामेंनी आभार मानले आणि खिचडी प्रत्येकी एकच वाटी घ्यावी, अशी विनंती केली.

रंगपंचमी होऊन गेली होती. एका रविवारी सकाळी धारहून एक गृहस्थ आमच्या गल्लीत आला. पन्नाशीचा, पांढरा कुडता, डोळ्यांखाली काळं. त्यानं पानवाल्याला पागनीसांचं घर विचारलं आणि सरळ माणूस असल्यामुळे का विचारतोय तेही सांगितलं. त्याचे काका वारले होते. ते काका म्हणजे अक्कांचे यजमान. तो पागनीसांच्या दारात पोचायच्या आत बातमी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत आली होती.

सरंजामेवहिनींनी पाच-सहाजणी जमवल्या. डोक्यावरून पदर, हातात चहाचा थर्मास. चेहरे घरूनच तयार करून आणलेले. सासूबाईंनी मला हाक मारली आणि गल्ली ओलांडता ओलांडता, इतक्या वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

लग्नाला सहा महिने झाले होते. जावई अक्कांना घेऊन माहेरी आला होता. सकाळी चहा प्यायला, चहा छान झालाय म्हणाला, आणि स्टेशनवर छत्री विसरली ती घेऊन येतो म्हणून गेला तो गेलाच. पुढे कळलं की जबलपूरकडे कुणाबरोबर घर केलंय.

"दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली बघायला आली होती," सासूबाई म्हणाल्या. "मी पण होते. मी नवीनच होते तेव्हा. अक्का खाली मान घालून तांदूळ निवडत होत्या, आणि आम्ही सगळ्याजणी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. कुणी म्हणे, डोळ्यांत टिपूस नाही बघा, हिचंच काही तरी असेल. कुणी म्हणे, रात्रभर रडलेली दिसतेय. त्यांच्यासमोर गं. महिनाभर चाललं होतं. इंदूरचे आले, धारचे आले. वसंता पोरगेलासा होता. दाराला टेकून ऐकत उभा असायचा."

आम्ही पोचलो तेव्हा काका दारात उभे होते. आता प्रश्न येणार. पण काका म्हणाले, "या. बसा."

सगळ्या दचकल्या. ह्या घरात 'बसा' कुणी ऐकलं नव्हतं. काकांनी आतून खुर्च्या आणल्या, वेताचा मोडा आणला, सतरंजी घातली आणि सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. धारच्या पुतण्याला मधोमध सोफ्यावर. मग त्यांनी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं, दाराला लावून स्टूल ठेवलं आणि त्यावर बसून म्हणाले, "पाण्यापासून सुरू करू."

सरंजामेवहिनींना वाटलं पाणी देताहेत. त्यांनी हातही पुढे केला. पण ते समुद्राचं पाणी होतं.

ते व्याख्यान मी पूर्वी तुकड्यातुकड्यांत ऐकलं होतं. सबंध त्या दिवशी ऐकलं. समुद्राच्या लाटा झाल्या. प्रत्येक लाट वेगळी. ढग झाले. गलबताचं शीड झालं, शिडाचा दोर झाला, दोराची गाठ झाली. गाठ चित्रात दिसत नाही, पण मास्टरांच्या मनात होती. वहिनी उठायला लागल्या, "अक्कांना जरा भेटून येते हो," तर काका म्हणाले, "वहिनी, हाताचं अजून व्हायचंय." वहिनी बसल्या. थर्मासमधला चहा त्यांचा त्यांनीच पिऊन संपवला. चित्ते सुरू झाले तेव्हा एकीला नळ यायची वेळ आठवली. दुसऱ्या चित्त्यापाशी दोघींना कुकर आठवला. एकीनं तर काही आठवायचीही तसदी घेतली नाही, चपला हातात घेऊन गेली. तयार करून आणलेले चेहरे केव्हाच उतरले होते. आता सगळ्यांच्या तोंडावर मंडळातल्या दुसऱ्या रांगेचा भाव होता.

शेवटी सरंजामेवहिनी एकट्या राहिल्या. त्या सहजासहजी हरणाऱ्या नाहीत. दारापर्यंत जाऊन त्या वळल्या आणि सरळच म्हणाल्या, "ते राहू द्या हो भाऊजी. त्या कशा आहेत? रडल्या का?"

काका स्टुलावरून उठले नाहीत. आवाजही चढवला नाही. "वहिनी, ह्या घरात हा प्रश्न फक्त भिंतीवरच्या बाईबद्दल विचारायचा. तिच्याकडे बघा तुम्हाला हवं तेवढं. त्यासाठीच लावलीये ती."

वहिनी गेल्या. सासूबाई पदरानं नाक पुसायला लागल्या. मी भिंतीकडे बघितलं. इतकी वर्षं मी त्या चित्राला काकांचा छंद समजत होते.

उरला पुतण्या. एवढं सगळं त्यानं ताठ बसून ऐकलं होतं. हात जोडून म्हणाला, "काकाजी, मी काकीजींना न्यायला आलो होतो. भटजी बोले, विधी में पत्नी का बैठना... म्हणजे त्यांची मर्जी असेल तर."

काकांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांच्या पाठीमागचं दार आतून ढकललं गेलं.

"वसंता, स्टूल काढ."

अक्का बाहेर आल्या. काकांनी झटकन मान खाली घातली. जमिनीकडे बघूनच म्हणाले, "तू जायचं नाहीस."

"का?"

"लोक बघतील."

"बघू दे. इतकी वर्षं लोक मला विचारताहेत, नवरा कुठे असतो, नवरा कुठे असतो. एकदा माझ्या डोळ्यांनी बघून येते, म्हणजे सांगता येईल." मग पुतण्याकडे वळून म्हणाल्या, "मी विधीला बसणार नाही. पण येईन. तू जेवून जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गाडीतून निघालो. मकरंद चालवत होता, मी पुढे, मागे अक्का आणि काका. अक्कांनी नेहमीची चॉकलेटी काठाची साडी नेसली होती, कुंकू नेहमीचं. इंदूर गेलं, बेटमा गेलं, काका एक अक्षर बोलले नाहीत. पिथमपूरचा फाटा आला तेव्हा मकरंदनं मुद्दाम विषय काढला, "काका, तुमचा पावलो भिया इथेच नं?" काका खिडकीबाहेर बघत राहिले. मकरंदनं मला हळूच विचारलं, "ह्यांची तब्येत ठीक आहे नं?"

धारला घर सापडलं. काका गाडीतून उतरले नाहीत. "मी आत आलो तर बोलेन," म्हणाले. "सूनबाई, तू जा तिच्याबरोबर."

बैठकीत खुर्चीवर फोटो ठेवला होता, हार घातलेला. आतल्या दारात घरातल्या बायका ओळीनं उभ्या होत्या आणि एकीचीही नजर फोटोवर नव्हती. अक्का फोटोपाशी गेल्या, चष्मा नीट केला आणि बराच वेळ बघून म्हणाल्या, "बराच म्हातारा झाला होता की." एकेरीच. मग पुतण्याला विचारलं, "शेवटी कोण करत होतं ह्याचं?"

"मैं ही, काकीजी. ती बाई आधीच वारली होती, मग मी ह्यांना इथे घेऊन आलो. दोन वर्षं अंथरुणावरच होते. रात-रात भर चिल्लाते थे. कुणाला जवळ येऊ देत नव्हते."

"तुझे फार हाल झाले रे," अक्का म्हणाल्या.

त्याला हे आजवर कुणी म्हटलं नसावं. एवढा मोठा माणूस, भिंतीला टेकला आणि रडायला लागला. अक्कांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, शाळेतल्या मुलाच्या फिरवावा तसा. दारातल्या एका वयस्कर बाईंनी धीर करून म्हटलं, "ताई, ते कुंकवाचं आता..." अक्का वळून म्हणाल्या, "हे मला माझ्या आईनं लावायला शिकवलं. हा माणूस त्याच्या पुष्कळ नंतरचा." मग अर्धा पेला पाणी प्यायल्या आणि आम्ही बाहेर आलो.

काकांनी गाडीचं दार आतून उघडून धरलं. काय झालं, कशी आहेस, काही विचारलं नाही. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जो माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडावरचे भाव वाचत बसायचा, तो शेजारी बसलेल्या सख्ख्या बहिणीकडे पाठ करून शेतं बघत होता.

इंदूरच्या बायपासला अक्कांना डुलकी लागली. हळूहळू मान कलली आणि काकांच्या खांद्यावर टेकली. तोंड थोडं उघडं, बारीक घोरणं. काका काठीसारखे ताठ झाले. मोकळ्या हातानं त्यांनी मकरंदला खूण केली, हळू घे. मकरंदनं गाडी इतकी हळू घेतली की मागचे ट्रकवाले शिव्या द्यायला लागले.

गल्लीत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी मागचं दार उघडून "अक्का, घर आलं" म्हणणार, तोच काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"झोपू दे."

"अहो काका, आत अंथरुणावर नीट झोपतील की."

"उठेल तिची ती. मी आहे इथे. तुम्ही जा घरी."

मकरंदनं गाडीची किल्ली अलगद त्यांच्या खिशात टाकली. आम्ही घरी आलो. मी कुकर लावला, चहा केला. खिडकीतून बघितलं तर गाडी तशीच उभी होती. सरंजामेवहिनी आपल्या ओट्यावरून उठून गाडीपाशी गेल्या, काचेतून वाकल्या, काही विचारायला तोंड उघडलं. काकांनी नुसती मान हलवली. वहिनी पाय न वाजवता परत गेल्या.

मी चहा घेऊन गेले. काकांनी कप डाव्या हातात घेतला.

"उजव्याला मुंग्या आल्यात," कुजबुजले, आणि तसेच बसून राहिले.